विश्लेषण : रेशन दुकान निवडता येते, पण दुकानदाराला त्याने फरक पडतो का?

‘पोर्टेबिलिटी’मुळे कुठल्याही स्वस्त धान्य दुकानातून धान्य घेता येते. कांदा आणि द्राक्षांच्या हंगामात लासलगाव परिसरात येणाऱ्या मजुरांसाठी ही सोय मोलाची आहे. मात्र दुकानदाराचे गणित वेगळेच आहे. ते समजून घेऊ.

स्पर्धा म्हणजे काय, हे लासलगावकरांना वेगळे सांगावे लागत नाही. बाजार समितीच्या आवारात कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहिला की व्यापारी भोवती जमतात, बोली लागते आणि काही मिनिटांत भाव ठरतो. घेणारे जास्त असले की शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे अधिक पडण्याची शक्यता वाढते. घेणारेच नसले की काय होते, हेही या गावाने पाहिले आहे. कांद्यावरील ४० टक्के निर्यात शुल्काच्या विरोधात सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले आणि शेतकऱ्यांचा माल चाळीतच अडकला.

याच गावात सरकारी धान्य मिळते ते दुकान मात्र या नियमाने चालत नाही. तिथे बोली नाही, भाव नाही. १ जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा कायद्याखालील गहू-तांदूळ मोफत आहे आणि जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे तो मोफतच ठेवण्याचा केंद्राचा निर्णय आहे. पूर्वी तर दुकानही ठरलेले असायचे. कार्ड ज्या दुकानाला जोडलेले, तिथेच जायचे. दुकान बंद असले तर परत जायचे, माप कमी मिळाले तर गप्प बसायचे. दुकानदाराला ग्राहक टिकवण्याची गरज नव्हती, कारण ग्राहकाला दुसरीकडे जाताच येत नव्हते.

ती अट आता उरलेली नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे पात्र कार्डधारक देशातल्या कोणत्याही स्वस्त धान्य दुकानातून आपला वाटा उचलू शकतो. सरकारी खर्चाच्या सेवेत ग्राहकाला निवड दिली की सेवा सुधारते, असा या मागचा एक युक्तिवाद आहे. तो कितपत खरा, हे पाहण्यासाठी लासलगावसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही.

लासलगावच का?

कारण इथे हंगामात पोट घेऊन येणारी माणसे आहेत. द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल, उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत आणि काढणी मार्चपासून पुढे. या काळात निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शिवारात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या आदिवासी भागांतून मजूर येतात. कुणी मुकादमाबरोबर टोळीने, कुणी नवरा-बायको आणि लहान मूल असे तिघेच. कांद्याच्या खळ्यांवर आणि चाळींवर परराज्यातले कामगारही असतात. कार्ड मात्र गावाकडच्या पेटीत आणि गावाकडच्या दुकानात.

पोर्टेबिलिटी नव्हती तेव्हा या कुटुंबापुढे दोनच मार्ग होते. महिन्यातून एक दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून गावी जायचे आणि धान्य आणायचे. नाही तर इथे किराणा दुकानातून विकत घ्यायचे आणि गावाकडचा वाटा सोडून द्यायचा. न उचललेल्या त्या धान्याचे पुढे काय व्हायचे, हा वेगळा विषय. पण त्याची कल्पना सगळ्यांना होती.

योजना इथवर कशी आली?

सुरुवात महाराष्ट्राच्या दारातच झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आंतरराज्य पोर्टेबिलिटीसाठी राज्यांच्या पहिल्या दोन जोड्या निवडल्या गेल्या. एक आंध्र प्रदेश-तेलंगणा आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरात. सुरगाण्याची हद्द गुजरातच्या डांग जिल्ह्याला लागून आहे, त्यामुळे नाशिककरांसाठी ही जोडी नुसती कागदावरची नव्हती. १ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रासह १२ राज्ये या जाळ्यात आली. मग टाळेबंदीत रस्त्याने चालत निघालेल्या मजुरांचे हाल साऱ्या देशाने पाहिले. स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी आदेश देऊन सर्व राज्यांना ३१ जुलै २०२१ पर्यंत योजना लागू करायला सांगितले. जून २०२२ मध्ये आसाम सामील झाला आणि ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांची साखळी पूर्ण झाली.

कल्पना त्याहून जुनी आहे. छत्तीसगडने २०१२ मध्ये रायपूर शहरात कार्डधारकांना कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेण्याची मुभा दिली होती. तिथला हेतू स्थलांतरितांची सोय एवढाच नव्हता. दुकानदाराची मक्तेदारी मोडावी, वाईट दुकानातून लोक निघून जावेत आणि त्या धाकाने दुकान सुधारावे, हा विचार उघडपणे मांडलेला होता.

केंद्राच्या आकडेवारीनुसार अलीकडच्या वर्षांत देशात महिन्याला साधारण अडीच कोटी पोर्टेबिलिटी व्यवहार होतात. आकडा मोठा आहे, पण त्यातले बहुतांश व्यवहार राज्याच्या आतले आहेत. दुसऱ्या राज्यात जाऊन धान्य उचलणाऱ्यांची संख्या त्यामानाने फार थोडी. म्हणजे योजनेच्या जाहिरातीत दिसतो तो बिहारहून मुंबईला आलेला मजूर. प्रत्यक्षात तिचा वापर जास्त करतो तो एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेलेला किंवा याच गावातले पलीकडचे दुकान बरे म्हणून तिकडे गेलेला माणूस.

दुकानदाराला एका ग्राहकामागे किती मिळतात?

सगळी चर्चा इथे येऊन थांबते. रेशन दुकानदार धान्य विकत नाही, वाटतो. त्याची कमाई म्हणजे क्विंटलमागे मिळणारे मार्जिन. महाराष्ट्रात ते १५० रुपये होते. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात २० रुपयांची वाढ करून १७० रुपये केले.

आता हिशेब करू. प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. पाच माणसांचे घर म्हणजे २५ किलो, अर्थात पाव क्विंटल. त्यावर दुकानदाराचे मार्जिन ४२ रुपये ५० पैसे. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, त्याचे ५९ रुपये ५० पैसे. आणि लासलगावच्या खळ्यावर एकटा राहणारा मजूर आपले ५ किलो घ्यायला आला, तर साडेआठ रुपये.

साडेआठ रुपयांत हल्ली चहाही येत नाही. त्यासाठी दुकानदाराने पॉस मशीनवर नंबर टाकायचा, अंगठा उमटेपर्यंत तीनदा प्रयत्न करायचे, सर्व्हरची वाट पाहायची, धान्य मोजायचे, पावती द्यायची. वर तो माणूस पुढच्या महिन्यात येईल याची खात्री नाही. कांद्याच्या व्यापाऱ्याला एक ट्रॅक्टर हातचा गेला तर चुटपुट लागते. रेशन दुकानदाराला एक कार्ड गेले तर महिन्याला ४२ रुपयांचा फटका बसतो, पण मागची कटकटही कमी होते. स्पर्धा उभी राहायला हवी असेल तर ग्राहक हवाहवासा वाटावा लागतो. इथे तो तसा वाटेल, असे दराच्या रचनेत फारसे काही नाही.

दुकानदारांची बाजूही खोटी नाही. महिन्याला ८० क्विंटल वाटणाऱ्या दुकानाला नव्या दराने १३,६०० रुपये मिळतात. त्यातून जागेचे भाडे, मदतनीस, वीज आणि पोत्यांमध्ये येणारी घट निभावायची. अनेकांचे घर या दुकानावर चालतच नाही. शेती किंवा किराणा हा मुख्य धंदा आणि रेशन जोडीला. मग दुकान महिन्यातले मोजके दिवस उघडे राहते, यात नवल ते काय?

‘बाहेरचे कार्ड आहे, माल नाही’ असे का ऐकावे लागते?

पोर्टेबिलिटीच्या बाबतीत सर्वात जास्त ऐकू येणारी ही तक्रार. ती दर वेळी दुकानदाराची लबाडी असते असे नाही.

जिल्ह्यात मनमाडला भारतीय अन्न महामंडळाचे मोठे गोदाम आहे. महामंडळाच्या गोदामातून धान्य तालुक्याच्या सरकारी गोदामात आणि तिथून द्वारपोच योजनेखाली दुकानापर्यंत येते. कुठल्या दुकानाला किती द्यायचे, म्हणजेच नियतन, हे मुख्यतः त्या दुकानाला जोडलेल्या कार्डांवरून आणि शिल्लक साठ्यावरून ठरते. मार्चमध्ये अचानक शंभर मजूर कुटुंबे आली तर त्यांचे धान्य सुरगाण्याच्या दुकानात पडून असते आणि माणसे लासलगावला. प्रणालीत व्यवहाराची नोंद लगेच होते, पण पोती नोंदीच्या वेगाने हलत नाहीत. इंटरनेटवर हक्क एका सेकंदात गावोगाव फिरतो, तांदळाला ट्रक लागतो.

अशा वेळी दुकानदार आपल्या कायमच्या कार्डधारकांना आधी देतो. महिनाअखेरीस त्यांना परत पाठवले तर गावात तोंड दाखवायचे त्यालाच असते. खळ्यावरचा मजूर ग्रामसभेत येत नाही, इथे मतदानही करत नाही. चांगली सेवा देऊन बाहेरची गर्दी ओढणाऱ्या दुकानदाराला बक्षीस म्हणून आधी मिळतो तो रिकामा साठा आणि रोजची भांडणे. प्रामाणिक दुकानदाराला उत्साह न वाटण्याचे हे कारण धोरण ठरवणाऱ्यांच्या बोलण्यात कमीच येते.

उपाय अवघड नाही. हंगाम दर वर्षी येतो, मजूर साधारण त्याच शिवारात येतात आणि मागच्या वर्षीच्या पोर्टेबिलिटीच्या नोंदी सरकारकडे दुकाननिहाय आहेत. त्यावरून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी निफाड तालुक्यातल्या ठरावीक दुकानांना जादा साठा आधीच देता येईल. जत्रेला जादा गाड्या सोडताना एसटी महामंडळ हेच करते.

ज्याला दुसरे दुकानच नाही, त्याचे काय?

लासलगाव बाजारपेठेचे गाव आहे. एक दुकान नाही पटले तर दुसरे चालत जाण्याच्या अंतरावर सापडते. सुरगाण्यातल्या पाड्यावर ही चैन नाही. तिथे एकाच दुकानावर चार पाडे अवलंबून असतात आणि पुढचे दुकान घाट ओलांडून. निवडीचा हक्क दोन्ही ठिकाणी सारखाच लिहिलेला आहे, वापरता येतो तो एकाच ठिकाणी.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या कोड्याची उकल करण्याचा प्रयत्न केला होता. सेवा बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. नायजेरियातली रेल्वे सुधारत का नाही, हे पाहताना त्यांच्या लक्षात आले की मालवाहतुकीसाठी ट्रकचा पर्याय असल्याने आरडाओरडा करू शकणारे ग्राहक ट्रककडे निघून गेले. रेल्वेला सरकारी पैसा मिळतच होता, त्यामुळे ग्राहक गेल्याची झळ तिला बसली नाही आणि ओरडणारेही उरले नाहीत.

रेशनमध्ये हाच धोका आहे. मोटारसायकल असलेला, बोलायला धीट तरुण दुसऱ्या दुकानाकडे वळतो. मागे राहतात त्या एकट्या म्हाताऱ्या बाया, अपंग आणि ज्यांना घरातून सोडायला कुणी नाही असे लोक. दुकानदाराला जाब विचारणारा माणूसच गेला, तर गावपातळीवरच्या दक्षता समितीत उरते काय?

निवडीने चोरी थांबते का?

काही थांबते. अंगठ्याशिवाय व्यवहार होत नसल्याने परस्पर नावे टाकून धान्य उचलणे कठीण झाले आहे. पण गळती दुकानाच्या आधीच असेल तर ग्राहकाने दुकान बदलून काही उपयोग नाही. नाशिक जिल्ह्याला याचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. सुरगाण्याच्या सरकारी गोदामातून धान्य गायब झाल्याचे प्रकरण २०१५ मध्ये विधिमंडळात गाजले आणि तहसीलदारांवर निलंबनाची कारवाई झाली. तिथे धान्य दुकानापर्यंत पोहोचण्याआधीच वाटा फुटल्या होत्या.

मापाचेही तसेच. पावतीवर २५ किलो आणि पिशवीत २३, हे पॉस मशीनला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा पॉस मशीनला जोडावा लागतो, म्हणजे काट्यावर पूर्ण वजन आल्याशिवाय पावती निघणार नाही. केंद्राने २०२१ मध्ये नियमांत बदल करून राज्यांना या जोडणीसाठी प्रोत्साहन दिले. दिसायला किरकोळ, छायाचित्र काढण्याजोगीही नाही. पण मजुराच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या नव्या प्रयोगांमध्ये कामाची सुधारणा कुठली असेल तर ही.

इतर राज्यांनी काय केले?

प्रयोग बरेच झाले. आंध्र प्रदेशने जानेवारी २०२१ मध्ये ९,२६० गाड्या घेऊन रेशन दारात पोहोचवायला सुरुवात केली. सरकार बदलले आणि १ जून २०२५ पासून वाटप पुन्हा दुकानांतून सुरू झाले. घरपोच सोय ठेवली ती ६५ वर्षांवरील आणि अपंग लाभार्थ्यांसाठी. हा शेवटचा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. चालू शकणाऱ्याला निवड आणि न चालू शकणाऱ्याला घरपोच, ही वाटणी पाड्यांवरच्या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते.

ओडिशात ऑगस्ट २०२४ मध्ये भुवनेश्वरला धान्याचे एटीएम बसले. अंगठा लावा, पाच मिनिटांत ५० किलोपर्यंत धान्य घ्या, तेही चोवीस तास. शहरातल्या कामगाराला उत्तम. त्याच महिन्यात केंद्राने गुजरात, राजस्थान, तेलंगणा आणि उत्तर प्रदेशातली ६० रेशन दुकाने ‘जन पोषण केंद्र’ म्हणून बदलायला घेतली. तिथे दुकानदाराला इतर खाद्यवस्तूही ठेवता येतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येक माणसाकडून मार्जिनपलीकडे चार पैसे मिळू लागले तर साडेआठ रुपयांचा ग्राहकही हवासा वाटेल, असा त्यामागचा हिशेब. तर्क पटण्यासारखा आहे. एक भीती मात्र राहते. ‘आधी साबण-तेल घे, मग तांदूळ’ अशी सक्ती सुरू झाली तर गरिबाच्या मोफत धान्यालाही किंमत लागेल.

छत्तीसगडने तर रायपूरच्या प्रयोगाच्या आठ वर्षे आधी, २००४ मध्येच, दुसरी वाट धरली होती. खासगी दुकानदारांकडून परवाने काढून ते ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नेही दुकान देताना पंचायती, बचत गट व सहकारी संस्थांना प्राधान्य आणि महिलांकडे व्यवस्थापन असावे असे म्हटले आहे. पाड्यावर एकच दुकान असणार असेल, तर ते कोण चालवतो हाच खरा प्रश्न आहे. चालवणारी बाई रोज नळावर भेटणारी असेल, तर जाब विचारायला संकेतस्थळ लागत नाही.

मग धान्याऐवजी रोख पैसेच का नकोत?

हा मार्ग महाराष्ट्राने अंशतः वापरला आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये, नंतर १७० रुपये, थेट खात्यात देण्याची योजना आली. रोखीत निवड सर्वात मोठी, कारण कुठलाही किराणा दुकानदार मग स्पर्धेत असतो. पण १७० रुपयांत ५ किलो गहू-तांदूळ खुल्या बाजारात मिळतो का, हे कुठल्याही गृहिणीला विचारावे. बाजारभाव वाढला की रक्कम आपोआप वाढत नाही, ५ किलो मात्र ५ किलोच राहतात. खात्यातला पैसा घरात कुणाच्या हातात जातो, हा प्रश्न तर निराळाच.

मजुराने काय लक्षात ठेवावे?

पोर्टेबिलिटी फक्त अन्न सुरक्षा कायद्याखालील अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंब कार्डांना लागू आहे. कार्ड हातात नसले तरी शिधापत्रिकेचा किंवा आधारचा क्रमांक आणि आधार जोडलेल्या एका सदस्याचा अंगठा पुरतो. कांदा-मातीत बोटांचे ठसे झिजले असतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवणाऱ्या यंत्राची सोय दुकानात आहे का, ते विचारावे. ई-केवायसी राहिले असेल तर त्यासाठी गावी जाण्याची गरज नाही, तेही जवळच्या दुकानात करता येते. परराज्यातल्या कार्डावर केंद्राचे धान्य मिळते, इथल्या राज्य सरकारच्या जादा वस्तू नाहीत.

आणि एक गोष्ट घरी बोलून ठेवण्याची. वाटा कुटुंबाचा एकच असतो. पाच जणांच्या कार्डावर लासलगावला दोघे असतील आणि त्यांनी पूर्ण २५ किलो उचलले, तर सुरगाण्यात राहिलेल्या आजी आणि दोन नातवंडांना त्या महिन्यात दुकानदार ‘तुमचे धान्य गेले’ म्हणून परत पाठवेल, आणि त्यात त्याची चूक नसेल. वाटा फोडून घेता येतो. इथे १० किलो, बाकीचे गावी, असे दुकानदाराला स्पष्ट सांगावे आणि पावतीवरचा आकडा पाहूनच निघावे.

दुकानदाराने नकार दिला तर १९६७ किंवा १४४४५ या टोल फ्री क्रमांकांवर तक्रार करता येते. शिवाय राज्याच्या ई-पॉस संकेतस्थळावर प्रत्येक दुकानाचे व्यवहार कुणालाही पाहता येतात. निफाड तालुका निवडून मार्च-एप्रिलची दुकाननिहाय यादी काढली की बाहेरच्या कार्डांना कुठल्या दुकानाने किती वेळा धान्य दिले, हे समोर येते. शेजारच्या दुकानात शंभर-दीडशे आणि एकाच दुकानात शून्य दिसत असेल, तर विचारणा कुठून सुरू करायची हे पुरवठा निरीक्षकाला सांगावे लागणार नाही.